तंबू दर दोन-तीन रात्रींनी पुन्हा ओला होतोय? मे महिन्याच्या लांब प्रवासात पाणी नेमकं कुठून येतं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. मुंबईहून मेच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी निघते. पहिले दोन मुक्काम नागाव-दिवेआगरला, मग ताम्हिणी चढून काजव्यांसाठी भंडारदरा, पुढे छत्रपती संभाजीनगर आणि लोणार. पहिली रात्र छान जाते. दुसऱ्या सकाळी तंबू आतून ओला. वाटेत शिवणींना सीलर, म्हणजे टाक्यांची भोकं बुजवणारा ट्यूबमधला लेप, लावला जातो, तिसरी रात्र कोरडी जाते आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. चौथ्या रात्री वळीव येतो आणि त्याच शिवणीखाली थेंब सुरू.

अशा प्रवासात तंबूत येणारं पाणी दर वेळी वेगळं असतं, आणि उपाय मात्र दर वेळी तोच, सीलरचा, केला जातो. दिवेआगरला जे ओलं झालं ते दव होतं. भंडारदऱ्याला खरोखर शिवण गळली. ती गळायला लागली, कारण दिवेआगरचा ओला तंबू घडी करून दोन दिवस तापलेल्या डिकीत ठेवला होता. ही साखळी तोडल्याशिवाय कितीही ट्यूब संपवल्या तरी गळती परत येणारच.

आधी पाणी ओळखा

सकाळी तंबू आवरायच्या आधी पाच मिनिटं द्या. कोरड्या हाताने बाहेरच्या कव्हरची, म्हणजे फ्लायची, आतली बाजू चाचपा. बारीक थेंबांचा सारखा थर सगळीकडे असेल, शिवणीजवळ आणि कापडाच्या मध्यावर काहीच फरक नसेल, तर ते दव आहे. पाऊस पडून गेला असला तरीही. थेंब एखाद्या शिवणीखाली ओळीने लोंबत असतील आणि बाजूचं कापड बरंच कोरडं असेल तर शिवण गळते आहे. वाऱ्याच्या बाजूची भिंत फक्त खालून वीतभर ओली असेल तर ते जमिनीवरून उडालेले शिंतोडे, म्हणजे फ्लाय ढिली आहे. एकाच कोपऱ्यात डबकं असेल तर तंबूखालची ताडपत्री पाहा: तिची कड तंबूच्या बाहेर आलेली असते, फ्लायवरून ओघळलेलं पाणी ती झेलते आणि थेट तळाखाली नेते.

चटईखालची ओल फसवी असते. ती जमिनीतून वर येते किंवा अंगाच्या घामाची वाफ थंड तळावर जमते. दोन्ही दिसायला सारखीच. चटई आणि तळाच्या मध्ये प्लॅस्टिकची एक सपाट पिशवी रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीची खालची बाजू ओली असेल तर पाणी जमिनीचं, वरची असेल तर तुमचं.

दुसरी खूण जागेची. किनाऱ्यावर मेमध्ये रात्रीचं तापमान २७ अंशांच्या आसपास असतं आणि हवेत इतकी वाफ असते की २४-२५ अंशांच्या पृष्ठभागावर ती पाणी होऊन बसते. आकाश निरभ्र असेल तर फ्लायचं कापड हवेपेक्षा दोन-तीन अंश सहज थंड होतं. त्यात आत झोपलेल्या दोघांच्या श्वासाची आणि घामाची भर. म्हणून किनाऱ्यावर पाऊस नसताना ओला झालेला तंबू हा जवळजवळ नेहमी दवाचाच. लोणारच्या बाजूला उलट: तिथली मेची हवा इतकी कोरडी की दव धरतच नाही. तिथे आत पाणी दिसलं तर गळती आहे असंच समजा. भंडारदऱ्यात दोन्ही शक्य, म्हणून हाताने चाचपणं तिथे सगळ्यात महत्त्वाचं.

दव असेल तर

सीलरला हात लावू नका. फ्लायची खालची कड जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर ठेवा, वरची दोन्ही झरोकं काठीने टेकवून उघडी ठेवा. खालून हवा आत आणि वरून बाहेर, हा रस्ता तयार झाला पाहिजे. नुसती वरची झरोकं उघडून उपयोग होत नाही, कारण आत येणारी हवा नसेल तर बाहेर जाणारीही नसते. ओले कपडे, ओले बूट आणि पाण्याचा टोप तंबूच्या आत नकोत. तलावाकाठी तंबू पाण्यापासून शंभर-दीडशे पावलं लांब आणि थोडा उंचावर लावा. खोलगट जागेत थंड दमट हवा साचते. पावसाच्या भीतीने सगळं गच्च बंद करून झोपणारे सकाळी सगळ्यात जास्त भिजलेले असतात.

नायलॉनची फ्लाय असेल तर आणखी एक गोष्ट. नायलॉन ओलं झालं की सैलावतं, पॉलिएस्टर फारसं नाही. संध्याकाळी ताणलेली नायलॉनची फ्लाय रात्री अकराला आतल्या जाळीच्या कापडाला टेकते आणि दव थेट अंगावर पाझरतं. पहिल्या सरीनंतर बाहेर येऊन सगळ्या ताणाच्या दोऱ्या एकदा पुन्हा ओढायच्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेच टाळलं जातं.

शिवण खरंच गळत असेल तर

आधी कापड कोणतं ते पाहा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तंबूंच्या फ्लायला आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, थर असतो आणि शिवणींवर कारखान्यातच चिकटवलेली पारदर्शक टेप असते. टेप दिसते आहे म्हणजे पीयू. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, निसटतं आणि टेप नसलेलं कापड हे बहुधा सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन. पीयूवर सिलिकॉनचा सीलर टिकत नाही, आणि सिलिकॉनवर दुसरं काहीच टिकत नाही. खात्री नसेल तर कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी पीयू सीलरचा एक थेंब टाकून रात्रभर वाळू द्या. नखाने अख्खा सोलून निघाला तर कापड सिलिकॉनचं.

आता वारंवार होणारी चूक. टेप एका कडेने सुटलेली असते आणि सीलर त्या टेपच्या वरून फासला जातो. दोन दिवस तो पाणी अडवतो. मग टेप आणखी सुटते आणि तिच्यासोबत नवा सीलरही उचलला जातो. म्हणून सुटलेली टेप जिथपर्यंत सहज निघते तिथपर्यंत आधी सोलून काढायची. घट्ट बसलेला भाग तसाच राहू द्यावा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने शिवण पुसायची. खारा थर आणि बोटांचं तेल निघालं नाही तर सीलर धरत नाही. पुसल्यावर कापड पूर्ण कोरडं होऊ द्या. शिवणीच्या मधोमध साधारण एक सेंटीमीटर रुंद, पातळ थर ब्रशने द्यायचा आणि टाके भरले जातील असा तो दाबायचा. जाड थराला भेगा पडतात.

वाळायला ८ ते १२ तास लागतात. याचा अर्थ सकाळी लावून संध्याकाळच्या मुक्कामाला तो तंबू वापरता येतो, पण मधल्या वेळेत फ्लाय घडी करून पिशवीत कोंबता येत नाही. हे काम मुक्काम हलत नसेल त्या दिवशी, सावलीत करा. पूर्ण वाळल्यावर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, नाहीतर घडीत कापड कापडाला चिकटतं. २८ ग्रॅमची ट्यूब जेमतेम साडेतीन मीटर शिवणीला पुरते. म्हणून गळणारी शिवण नेमकी शोधा, सगळ्याच शिवणी रंगवत बसू नका.

शोधायची सोपी पद्धत निघण्याआधी घरीच करता येते. सोसायटीच्या गच्चीवर तंबू उभा करा. एकाने झाडांना पाणी घालायच्या झारीने एकेका शिवणीवर दोन-दोन मिनिटं पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि थेंब दिसला की तिथे खडूने खूण करायची. दोन बादल्या पाण्यात अख्खा तंबू तपासून होतो.

एका दोषावर उपाय नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. फ्लायची आतली बाजू चिकट लागते आहे, आंबूस उग्र वास येतो आहे किंवा पांढुरके पापुद्रे निघत आहेत, तर पीयूचा थरच ओलीने कुजला आहे. त्यावर सीलर, स्प्रे, मेण काहीही लावून उपयोग नाही. फ्लाय बदला. प्रवासातच हे लक्षात आलं तर उरलेल्या रात्री तंबूच्या वर उतरती ताडपत्री बांधून काढा.

तळातून पाणी येत असेल तर

तंबूच्या लेबलावर १५०० मिलिमीटर, ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. १५०० चा अर्थ एवढा की ते कापड दर चौरस सेंटीमीटरला १५० ग्रॅम पाण्याचा दाब सोसतं. ७० किलोचा माणूस दोन्ही गुडघ्यांवर टेकला की एका गुडघ्याखाली, ५० चौरस सेंटीमीटर धरले तर, दर चौरस सेंटीमीटरला ७०० ग्रॅम भार येतो. खाली चिखल असेल तर पाणी कापडातून वर येणारच. तळ फाटलेला नसतो, त्याला भोक नसतं, तरी तो पाझरतो. उपाय म्हणजे भार पसरवणं: टेकाल तिथे चटई असू द्या. आणि खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाच-पाच सेंटीमीटर लहान ठेवा, जास्त असेल तर कड आत दुमडा. तंबूभोवती चर खणण्यापेक्षा मुळात थोड्या उताराची, मुरमाची जागा निवडणं कितीतरी बरं.

डिकी: गळतीचं खरं कारण

बाहेर ४० अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या घरात जातं. त्या उष्णतेत ओला तंबू घट्ट गुंडाळून ठेवला की टेपचा गोंद मऊ पडतो, पीयूचा थर झिजतो आणि एक-दोन दिवसांत बुरशीचे ठिपके दिसू लागतात. दहा-बारा दिवसांच्या प्रवासात हे रोज होतं. म्हणून सकाळचा हा क्रम मोडू नका.

फ्लाय काढून जोरात झटका, दोघांनी दोन टोकं धरून. मग सुती पंच्याने आतली बाजू पुसा. साध्या पंच्याइतकं पाणी टर्किश टॉवेलही इतक्या पटकन ओढत नाही, आणि पिळला की तो पुन्हा तयार. आतला तंबू आणि फ्लाय कधीच एका पिशवीत भरू नका. फ्लाय वेगळ्या जाळीच्या पिशवीत, सामानाच्या सगळ्यात वर. ती पिशवी भाजीची असली तरी चालते. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा ती सावलीत, वाऱ्यात पसरा. मराठवाड्यात पंधरा-वीस मिनिटांत खणखणीत वाळते, किनाऱ्यावर तासभर लागतो. काम झाल्यावर ती उन्हात ठेवू नका, अतिनील किरणांनी नायलॉनचा दम जातो. याच कारणाने दिवसभर तंबू उभा ठेवू नये. सूर्य कलल्यावर लावावा.

स्टोव्हची गॅसची डबी याच डिकीत असेल तर ती लगेच बाहेर काढा. ५० अंशांच्या वर नेऊ नये, असा इशारा डबीवरच छापलेला असतो. ती माणसं बसतात तिथे, सीटखालच्या सावलीत ठेवा आणि गाडी उन्हात बंद करून जाताना सोबत घ्या.

वारा आणि खुंट्या

वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, आणि पाण्याच्या आधी वारा येतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ताशी ४० ते ५० किलोमीटर असं लिहिलेलं वाचून अंदाज येत नाही, पण वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. तंबूसोबत मिळालेल्या पातळ वळलेल्या खुंट्या अशा वाऱ्यात टिकत नाहीत. वेल्डिंगच्या दुकानातून ८ मिलिमीटर सळईच्या फूटभर लांबीच्या, टोकाला आकडा वळवलेल्या अठरा खुंट्या करून घ्या. तिघांच्या घुमटाकार तंबूला बारा-चौदा लागतात, बाकी जादा.

खुंटी जमिनीत किती धरते हे जमिनीवर आहे. लाल माती आणि मुरूम उत्तम. वाळूत खुंटी धरतच नाही. तिथे कापडी पिशवी वाळूने भरून तिच्या गळ्याला दोरी बांधा आणि ती हातभर खोल पुरून वर वाळू तुडवा. कोकणातल्या जांभ्याच्या कातळावर खुंटी ठोकण्यात वेळ घालवू नका: दोरीचं टोक लहान दगडाला बांधा आणि त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, मोठा दगड ठेवा. दोरी ताणली की लहान दगड मोठ्याला अडतो. सगळ्यात दगाबाज काळी माती. मेमध्ये ती भेगाळलेली, दगडासारखी टणक असते, खुंटी घट्ट बसल्यासारखी वाटते. पहिल्या जोरदार सरीत वरचा थर लोण्यासारखा होतो आणि खुंट्या एकामागून एक निघतात. काळ्या रानात तंबू आणि गाडी दोन्ही लावू नका. गाडीची चाकं त्या चिखलातून निघत नाहीत.

तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे. गाडी वाऱ्याच्या बाजूला, तंबूपासून दोन-तीन मीटर अंतरावर आडोशाला, हँडब्रेक ओढून. ताणाच्या दोऱ्या आरशांना बांधू नका. कॅरिअरच्या दांडीला बांधा, आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी सुटल्या आहेत का ते पाहा. सावलीसाठी बांधलेली मोठी ताडपत्री वादळात शीड होते. ढग काळवंडले की ती उतरवून ठेवायची. ती वाचवायच्या नादात खुंट्या उखडतात आणि पोल मोडतो.

फायबरचा पोल बहुतेक वेळा लोखंडी जोडाजवळ उभा चिरतो. आतला व्यास पोलच्या जाडीपेक्षा जरासा मोठा असलेली, १२ ते १५ सेंटीमीटर लांबीची ॲल्युमिनियमची नळी प्रत्येक तंबूच्या पिशवीत असायलाच हवी. ती चिरेवर मध्यभागी सरकवून दोन्ही टोकांना कापडी चिकटपट्टी गुंडाळा. नळी नसेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन सळईच्या खुंट्या ठेवून तीन ज्युबिली क्लिपांनी, म्हणजे पाइप आवळायच्या स्क्रूच्या कड्यांनी, आवळा. क्लिपा कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतात, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर डझनाने. फायबरचा चिरलेला भाग उघड्या हाताने धरू नका, कुसं बोटात घुसतात.

झिप अडकते ती वाळू आणि मिठामुळे. जुन्या टूथब्रशने गोड्या पाण्यात घासा, वाळल्यावर मेणबत्ती फिरवा. चेन मागून उघडी राहत असेल तर सरकपट्टीच्या दोन्ही कडा पक्कडीने हलकेच, अगदी किंचित दाबा. जोर लावला तर ती तुटते.

तंबूत थांबायचंच नाही, अशा वेळा

वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर तंबू सोडून पत्र्याच्या टपाच्या गाडीत बसा, काचा बंद करून. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं, दामिनी ॲप आसपासच्या वीस आणि चाळीस किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं, ते निघण्याआधीच घेऊन ठेवा.

एकट्या उंच झाडाखाली, नारळीखाली, जाहिरातीच्या फलकाजवळ तंबू नको. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात घाटकोपरला फलक कोसळला, तो दिवस विसरू नये. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाचा वाऱ्याला आडोसा होतो, पण मोठ्या वादळात तीच झाडं आडवी होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या जमीनदोस्त झाल्या. कोरड्या नदीपात्रात मुक्काम कधीही करू नका, पाऊस वरच्या खोऱ्यात पडतो आणि लोंढा इथे येतो. पुळणीवर भरतीची रेषा ओळखून तिच्या बऱ्याच वर राहा, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीच्या खुणेच्या पुढे येतं.

आणि तारखेवर विसंबू नका. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी असेल तर किनाऱ्याचे मुक्काम रद्द करून घाटमाथ्यापलीकडे जा, किंवा सरळ खोली घ्या.

घरी आल्यावर

किनाऱ्यावर वापरलेला तंबू साबणाशिवाय गोड्या पाण्याने धुवा. वॉशिंग मशीनमध्ये अजिबात नको. गच्चीवर सावलीत वाळवा, गच्ची मिळत नसेल तर घरातल्या वाळत घालायच्या दांड्यांवर पंख्याखाली दोन दिवस. शिवणी आणि कोपऱ्यांची टोकं सगळ्यात उशिरा वाळतात, तीच हाताने तपासा. मग त्याच्या मूळ आवळ पिशवीत न भरता जुन्या सुती अभ्र्यात सैल ठेवा. माळ्यावर नको, मुंबईच्या चार महिन्यांच्या दमटपणात माळ्यावरचा तंबू सगळ्यात आधी चिकट होतो. कपाटात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा आणि गणपतीच्या सुमारास एकदा बाहेर काढून झटकून पुन्हा ठेवा.